तेनिंगची खाडी

तेनिंग बुडाली त्या खाडीकडे पुन्हा कुणी होडी वळवली नव्हती. चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचून परतणाऱ्या बायकांची होडी भर दुपारी उलटली. बाकीच्या काठावरच्या तिवराच्या झाडांच्या मुळ्या धरून वाचल्या. तेनिंग गेली ती गेलीच. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. बेटावर शिंपल्यांचं जुनं टेकाड आहे, गावातली सगळी माणसं तिथेच पुरलेली. तेनिंगला तिथे जागा मिळाली नाही, आणि ज्याला माती मिळत नाही ते माणूस कामाला लागलेलंच राहतं, असं म्हातारी माणसं म्हणायची.

दिबोर तिची धाकटी सवत. दोघींचा नवरा काम शोधायला स्पेनला निघालेल्या होडीत चढला, त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. मागे राहिलेल्या दोघी एका चुलीवर कडाकडा भांडायच्या आणि एकाच होडीत बसून कामाला जायच्या. आता चूल दिबोरची एकटीची, आणि तेनिंगची तरणी लेक यांदे तिच्या पदरात.

त्या साली जवळचा चिखल पार नागवला गेला. खरवडावं तिथे नखाएवढी पिल्लं. शिजवून वाळवायलाच काही नाही, तर बाजारात काय नेणार? घराघरांत बाजरीची पेज पातळ होत चालली.

"उद्या तेनिंगच्या खाडीत जायचं," दिबोर बायकांना म्हणाली.

गावातल्या पितरांचं बघणारा लातीरबाबा तिथेच बसला होता. तो दचकलाच. "ती जागा आता तुमची राहिली नाही."

"मग काय तुमची झाली, बाबा? आयुष्यात कधी तिथल्या चिखलात पाय घातलात?"

न्यिलान, वेचणाऱ्यांतली सगळ्यांत म्हातारी, बोळक्या तोंडाने हसली. "असं करा बाबा, तुम्ही पितरांना दूध-पीठ ओता, आम्ही तिसऱ्या काढतो. ज्याचं त्यानं करावं."

बायका खिदळल्या. लातीरबाबा चिडला नाही. उठताना दिबोरजवळ थांबून एवढंच म्हणाला, "हाक आली तर ओ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या यांदेलाही घेऊन पोचल्या. वाळवंटाकडून आलेल्या धुळीने आभाळ पांढरंफटक झालं होतं. ऊन होतं, पण सावली कुणाचीच पडत नव्हती. एरवी बगळ्यांनी गजबजलेल्या तिवरात एक पाखरू नाही. चिखलात मात्र नुसत्या तिसऱ्याच तिसऱ्या! बायका गुडघ्यांवर बसून पळ्यांनी खरवडायला लागल्या.

थोड्या वेळाने तिवराच्या पलीकडूनही खरवडल्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र, आणि मग पळीचा टोपल्याच्या काठावर ठोका. पुन्हा खर्र, खर्र, ठक. तेनिंगला तशी खोड होती. ठोका तिच्याशिवाय कुणी मारत नसे.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही.

"हात चालवा गं," न्यिलान पुटपुटली.

खरवडत पुढे सरकली तशी दिबोरला दिसलं, समोरचा चिखल आधीच खरवडलेला होता, ओला, ताजा. त्यात दोन गुडघ्यांचे खळगे होते. तिथवर आलेलं पाऊल एकही नव्हतं.

टोपली भरत आली आणि भरतीचं पाणी चिखलावरून जिभेसारखं आत सरकायला लागलं. दिबोर निघायला सांगणार, तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"यांदे! ए यांदे! टोपलं उचलायला ये की गं!"

त्या आवाजात भुताखेताचं काही नव्हतं. कंबर मोडून गेलेल्या, करवादलेल्या बाईचा आवाज. तेच सगळ्यांत भयंकर होतं.

"आले, आई!" यांदे म्हणाली. कुणी तिचं तोंड दाबण्याआधीच ती उठून चालू लागली होती. ज्या चिखलात बाकीच्या मांड्यांपर्यंत रुतत होत्या, त्यावरून ती अंगणातून चालावं तशी चालली होती.

दिबोर धावली, रुतली, आडवी पडली, सरपटली. यांदेच्या कमरेचं कापड तिच्या मुठीत आलं. त्यासरशी पोरगी जड झाली आणि कमरेपर्यंत आत गेली. आता दोघींनाही चिखल ओढत होता. मागून न्यिलानने दिबोरचे पाय धरले, न्यिलानला दुसरीने, दुसरीला तिसरीने.

"सोड, धाकटी आई! आई बोलावतेय!"

"माहीत आहे. आवाज तिचाच आहे."

"मग सोड!"

दिबोरने तिवराकडे तोंड केलं. घसा फाटेस्तोवर ओरडली, "तेनिंग! पोरगी मिळणार नाही!"

खरवडणं थांबलं. पाणी छातीला लागलं. मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसं उत्तर आलं, "मला एकटीला जड होतंय, दिबोर."

दिबोरला रडू आलं. "मलाही होतंय गं. रोज होतंय. पण उचलतेच ना? तू गेलीस म्हणून हिला उपाशी ठेवली नाही मी. तुझं काम तू कर, माझं मला करू दे."

मागे न्यिलानने होडी ओढतानाचं गाणं धरलं. म्हातारीचा चिरका आवाज, त्यावर बाकीच्यांचे. दर ओळीला एक हिसका. चिखलाने कितीतरी वेळ दाद दिली नाही. मग 'फस्स' आवाज करत यांदे सुटली.

तिला होडीत टाकली. एक बाई टोपलं तसंच सोडून चढायला लागली, तशी न्यिलान खेकसली, "सोडतेस काय? जीव वाचलाय, त्याला खायला लागणार नाही?" गळ्याइतक्या पाण्यातून बायकांनी भरली टोपली डोक्यावरून आणली.

यांदे तापाने फणफणली. शुद्धीत आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "तिला तिथेच सोडून आलो आपण?"

"तिथेच आहे ती. भेटायला जाऊ. राहायला नाही."

पुढच्या ओहोटीला दिबोर त्याच खाडीत गेली. बायकाही गेल्या, भीत गेल्या, पण गेल्या. यांदे बरी झाल्यावर तीही जाऊ लागली, कमरेला दोर बांधून, दुसरं टोक दिबोरच्या कमरेला. पलीकडचा आवाज बंद झाला नाही. दिबोर आता खरवडता खरवडता त्याच्याशी बोलायची. शेळी व्याली, छपराचा पत्रा उडाला, तुझ्या लेकीला मागणी आलीय आणि पोरगा आळशी आहे. मधेच तिकडचा ठोका चुकायचा, कुणीतरी कान दिल्यासारखा.

एकदा शेजारच्या बेटावरच्या बायका होडीतून जाताना थबकल्या. "कुणाशी बोलता गं एवढ्या मोठ्यानं?"

"आमची एक बाई पलीकडे कामाला आहे," न्यिलान म्हणाली.

त्या बायकांनी तिवराकडे नजर टाकली, आणि काही न विचारता वल्ही जोरात मारायला लागल्या.