जाळं पाण्यात असताना

सुगंधाबाईंनी बोट वर केलं, तशी वझलवारांनी फीत पुन्हा मागे फिरवली. शाळा केव्हाच सुटली होती. टेबलावरच्या, किल्लीने चालणाऱ्या ध्वनिमुद्रण यंत्रातून बाईंचाच आवाज रिकाम्या वर्गात घुमत होता. लहान मुलं वर्गात कशी बोलतात, याचा अभ्यास करायला वझलवार नागपूरहून आले होते. ऐकू आलेला प्रत्येक शब्द कागदावर उतरवायचा, तर पोरांचे आवाज ओळखायला बाई हव्यातच.

स्वतःच्या आवाजाला बाई अगदी विटल्या होत्या. प्रश्न त्यांचा, तोच दुसऱ्यांदा विचारणाऱ्याही त्याच, आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही बहुधा त्यांचंच. एवढी कुठली गाडी चुकणार होती, देव जाणे.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

फितीवर त्यांनी विचारलं, तळ्यात काय फुलतं? वर्ग गप्प. लगेच पुढचा प्रश्न, गाय काय देते? 'दूध' असा गलका उठला आणि त्या गलक्याखाली एक बारीक आवाज आला.

"कमळ."

"ही कोण?" वझलवारांनी विचारलं.

ती गोकुळा होती. दिवाळीपासून शाळेत येत होती आणि तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता. पोरगी मंद आहे, असं बाईंनीच तिच्या बापाला सांगून टाकलं होतं. उद्या तो तिचं नाव काढायला येणार होता.

दोघांनी उरलेली फीत ऐकली. गोकुळाची उत्तरं बरोबर होती, फक्त प्रत्येक उत्तर एक प्रश्न मागे होतं. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी तिचा बाप मुखरू आला. धोतर ओलं, अंगाला तळ्याचा वास.

"नाव काढून टाका, बाई. बोलतच नाई तं इथी बसवून काय करू? तळ्यावर जाळं तं धरंल."

"घरी बोलते का ती?"

"बोलते ना. पण तळ्यावर डोंग्यात बसली का चूप. जाळं पाण्यात असलं का आम्ही कोणीच बोलत नाई, मासे पळतेत. पाणी थांबलं का मंग बोलाचं. लहानपणापासून तेच शिकवलं तिले."

बाईंचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे, मुखरूभाऊ. मी पाणी थांबूच देत नाही. घटकाभर बसा."

तो दाराशी उकिडवा बसला. वर्ग भरला. वझलवारांनी यंत्राला किल्ली दिली.

"मासे कुठे झोपतात?" बाईंनी विचारलं आणि ओठ मिटून घेतले. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पोरं खुदखुदली, एकमेकांकडे पाहू लागली. वझलवार काळजीने फिरत्या फितीकडे बघत होते. दाराशी मुखरूने तळहात आडवा धरून हळूच खाली केला, डोंग्यात करायचा तसा. हळूहळू वर्ग निवला.

"झोपत नाई, बाई," गोकुळा म्हणाली. "चूप राहतेत."

मुखरू उठला.

"संध्याकाळी न्याले येतो," तो म्हणाला आणि एकटाच तळ्याकडे निघाला.