पाच ते सात

बाबांचं तेरावं उरकून मंजिरी कामावर आली. कडाक्याच्या थंडीत वारा पडून पवनचक्क्या थांबल्या तर देशाला वीज कुठून पुरवायची, याचा तक्ता तिच्याकडे होता. गॅस, अणुवीज, शेजारी देशांची वीज, सगळं धरूनही संध्याकाळी पाच ते सात थोडी कमीच पडायची.

हे तिने बाबांना फोनवर सहज सांगितलं होतं. लेकीला तेवढाच हातभार म्हणून ते इंग्लंडातल्याच स्लाऊ गावच्या घरात रोज पाच ते सात हीटर बंद करून बसायचे. शेजारणीने हे हॉस्पिटलात सांगितलं, तोवर न्यूमोनिया बळावला होता.

शेजारच्या डेस्कवरून अपूर्व म्हणाला, "लोकांची ऐच्छिक बचत शून्यच धर. असल्या थंडीत कोण हीटर बंद करतंय?"

"करतात," मंजिरी म्हणाली आणि तिने आकडा भरला.