माझ्या पत्र्यातला करंट

मित्रांनो, अजूनही माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. मी एक जुना पत्र्याचा कूलर, गार हवा देणारा, आणि माझ्याच हातून एवढ्याशा पोरीचा जीव जाणार होता! बाप रे!

माझा जन्म भिलाईच्या पावर हाउस बाजारातला. एका टीनवाल्याने पत्रा ठोकून मला घडवलं, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या. देवाजीकाकांनी मला वैशाली नगरातल्या त्यांच्या घरी आणलं. घरामागच्या, भाड्याने द्यायच्या खोलीत माझा प्लग बोर्डात शिरेना, कारण बोर्डाला भोकं दोनच होती. काकांनी पक्कड घेतली आणि प्लगाची वरची जाड पिन कट्टकन कापून टाकली. गळलेला करंट जमिनीत नेणारी पिन होती हो ती! आणि कापली कुणी? तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये हेल्मेटशिवाय एक पाऊल न टाकलेल्या माणसाने. घरी आला की माणूस असा कसा बदलतो, देव जाणे.

पहिली काही वर्षं माझं कौतुकच कौतुक. ‘देवाजीच्या खोलीत कूलर फुकट आहे’ म्हणून भाडेकरू खूश. पण पाण्यात राहून मोटरच्या वायरचं वरचं आवरण सडलं आणि माझ्या पत्र्यात करंट उतरू लागला. मला कळत होतं, पण मी बोलणार कसा?

दोन वर्षांपूर्वी रूपेश आणि रीना राहायला आले, सोबत पाच वर्षांची दीक्षा. आठवड्याभरातच रीनाने काकांना गाठलं.

“काकाजी, कूलर करंट मारून राहिला जी.”

काका हसले. हसले हो! “अवं पोरी, लोखंडाचा कूलर हाय, थोडा मारनारच. चप्पल घालून हात लावत जा.”

“एक बार मिस्त्री को दिखा दो ना, काकाजी,” रूपेशही म्हणाला.

“कावून? आमी इतके वर्सं असाच तर वापरला. काही झालं काय?”

आणि मित्रांनो, सगळ्यांनी ते मान्य केलं! या गल्लीत कूलर आणि चप्पल यांचं लग्नच लागलेलं आहे. माझ्याजवळ एक रबरी चप्पल कायमची ठेवली गेली. दीक्षासुद्धा आपले इवलेसे पाय त्या मोठ्या चपलेत घालायची आणि मगच बटण दाबायची. ते पाहून लोक म्हणायचे, पोरगी किती हुशार!

मग यंदाची बुद्ध पौर्णिमा आली. रीनाने शेजाऱ्यांना आपल्या खोलीवर वंदनेला बोलावलं. माझ्या शेजारच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तथागतांची मूर्ती मांडली. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, काकाही. वंदनेचं ठिकाण म्हणून चपला बाहेर काढून आले, आणि माझ्याजवळची रबरी चप्पलही कुणीतरी उचलून दाराबाहेर ठेवली. माझ्या ताट्यांतून पाणी गळून फरशी ओली झाली होती. कुणाच्या, अगदी कुणाच्याही मनात काही आलं नाही!

दीक्षा धुतलेली फुलं ओंजळीत घेऊन आली. फरशीवर तिचा पाय सरकला. तोल सावरायला तिने ओला हात माझ्यावर टेकवला आणि तो तिथेच चिकटला. मला तो सोडवता येईना हो! ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती थरथरत राहिली.

रीना झेपावली. तेवढ्यात काका गरजले, “हात लावू नोको तिले!” आणि त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दीक्षा खाली कोसळली. तिचा तळहात काळा पडला होता.

तीन दिवस ती दवाखान्यात होती. जीव वाचला. चौथ्या दिवशी काका दारात आले, तेव्हा रीना भांडली नाही. एवढंच म्हणाली, “काकाजी, पोरगी चप्पल घालून वंदनेले बसली असती काय?”

काका दारातूनच मिस्त्रीला आणायला वळले.

त्याच दिवशी मिस्त्री आला. वायर आणि पिन कापलेला प्लग बदलला, तीन पिनांचा बोर्ड लावला, अर्थिंग दिलं, करंट गळताच वीज बंद करणारा स्विच बसवला. हात झटकत म्हणाला, “बस, आधे दिन का काम था, चाचा.” अर्धा दिवस!

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला घर भाड्याने द्याल. चावी देण्याआधी वायर, प्लग, अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या. भाडेकरू पहिल्यांदा तक्रार करतो, त्याच दिवशी मिस्त्री बोलवा. ‘आजवर काही झालं नाही’ हे काही उत्तर नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आता मी खरंच निर्धोक आहे. परवा काका दीक्षाची भीती घालवायला आले. भर दुपारी मी चालू होतो, पण ती पलीकडच्या भिंतीला चिकटून घामाने निथळत बसली होती. “हे पाह्य दीक्षा, आता काही होत नाही,” म्हणत त्यांनी माझ्याकडे हात नेला.

दीक्षाने किंकाळी फोडली. धावत येऊन पट्टी बांधलेल्या हाताने तिने त्यांचा सदरा गच्च धरला आणि रडत, सगळा जोर लावून त्यांना माझ्यापासून दूर ओढू लागली. “आजोबा, नोका ना! तुमी मरून जासान!”