रिमवरचं तेल

तळहातावर ब्रेकची दोन रबरं होती — एक काळं, टणक; दुसरं तांबूस, जरा मऊ — आणि बिरप्पाला त्यांतला फरकच कळेना. त्यानं नख रुतवून पाहिलं, वास घेऊन पाहिला... कपाटात नव्या तऱ्हेचा वायरचा ब्रेकही टांगला होता, रिमला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा.

"लवकर सांगा की," सायकलवाला ईश्वरप्पा म्हणाला.

लवकरच सांगायला हवं होतं. चार वाजता बायकोला, मायाक्काला दवाखान्यातून सोडणार होते, आणि ती याच सायकलवर, मागं कॅरिअरवर बसून घरी येणार होती.

"धरंल असा द्या. उतारावर, बाई मागं बसली तरी धरंल असा."

उतार... रेल्वेपुलाचा उतार, दसऱ्याची दुपार, मुकादमाच्या घरी सोनं द्यायला निघालेली दोघं. मायाक्काच्या ओट्यात आपट्याची पानं आणि पोटात पाचवा महिना. समोर टांगा आडवा आला तसा त्यानं ब्रेक दाबला — दाबला, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबला — आणि सायकल आपली चाललीच! मग मागचं ओझं एकदम हलकं झालं. हलकं झालं, आणि मला मेल्याला क्षणभर बरंच वाटलं की रे...

पोर गेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा, "मी थांबवलीच होती, हिनंच उडी मारली," असं कोण बोललं? मीच बोललो. मायाक्कानं ते ऐकलं, खरं मानलं, आणि तेव्हापासून भेटायला येईल त्या बाईला ती हेच सांगत होती, "मलाच अवदसा आठवली. त्येंनी थांबवलीच हुती."

ईश्वरप्पानं जुनी रबरं काढली. "ह्यास्नी काय झालंय? झिजली न्हाईत, तडकली न्हाईत..." मग त्यानं बोट फिरवून नाकाशी नेलं. "तेल! रिमला तेल कुणी लावलं वो? येडं हाय का कोण?"

येडंच. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून सांगोल्याहून आल्यापासून गिरणीत बिरप्पाचं काम एकच, मागांना तेल घालायचं. फिरतं त्याला तेल, हे हाताला इतकं भिनलेलं, की खंडेनवमीला सगळ्या मागांचं तेलपाणी, हळदकुंकू उरकून घरी आल्यावर त्यानं सायकलही धुतली, झेंडूची माळ घातली, आणि तेलाचा बोळा साखळीवरून, आऱ्यांवरून, रिमवरून मायेनं फिरवला. काय चकाकत होती! "आमचा न्हाय कदी इतका लाड केला," मायाक्का ओवाळताना हसली होती. आणि अपघातानंतर, तिला दवाखान्यात टाकून घरी आल्यावर या बाबानं पहिलं काम काय केलं? तर रॉकेलचं फडकं घेऊन रिम पुसली. रबरं पुसायची तेवढी राहिली.

"म्हायती न्हाय," बिरप्पा म्हणाला.

वायरचा ब्रेक बसला. ईश्वरप्पानं चाक गरगरा फिरवून मूठ दाबली, आणि चाक जागच्या जागी थांबलं. आणि जुनी रबरंही धड निघाली होती, फक्त तेलकट. ब्रेकच वाईट होता, असं स्वतःची समजूत घालायची सोयही आता उरली नव्हती. जुनी रबरं गटारात टाकायला त्यानं उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि खिशात घातली.

दवाखान्याच्या फाटकाशी मायाक्का गाठोडं घेऊन उभीच होती. गालफडं बसली होती. कॅरिअर चाचपून ती अंग चोरून बसली.

"नवा ब्रेक घातला व्हय?"

"व्हय."

"कशाला वो? जुना बरा हुता की." तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. "तुमी भिऊ नगा. कानाला खडा लावलाय म्या. आता कायबी झालं तरी उडी न्हाय मारायची."

"माये..." तो म्हणाला. खिशातली रबरं मांडीला टोचत होती. मान वळवून तिच्याकडं बघायचं, एवढंच करायचं होतं. पण मान वळेना. सांगितलं तर ती पुन्हा आपल्यामागं बसेल का? आणि नाही सांगितलं तर जन्मभर ती अशीच, अंग चोरून, स्वतःलाच दोष देत बसेल... देवा, काय करू मी?

"चला की," मायाक्का म्हणाली.

एकदा का पायडल मारलं, की आपण पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. आणि सायकल जागेवर उभी असताना बिरप्पानं नवा ब्रेक दोन्ही हातांनी करकचून दाबून धरला होता.