पिवळ्या भिंतीतलं दार

ईदेला आठ दिवस उरले होते. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी रंगकाम निघालं होतं. आमच्या बैठकीत, स्वयंपाकघराच्या तपकिरी दाराशेजारी, रंगारी हार्सोनोकाकांनी रंगाचे दोन पट्टे ओढून ठेवले होते. एक गडद राखाडी, एक पिकल्या केळ्याचा पिवळा.

"आई, कुठला देऊ या?"

"तुला आवडेल तो."

"तुला विचारतेय मी."

"राखाडी छान आहे की. हल्ली तोच देतात." मग जरा थांबून, "पिवळाही काही वाईट नाही म्हणा."

हार्सोनोकाका हसले. "ताई, पिवळा वाईट नाही असं आईंनी म्हणायची ही तिसरी वेळ हं."

"तुम्ही ब्रश धुवा काका. राखाडीच द्या."

"दे बाबा," आई म्हणाली, "नाहीतर ही ईदेला तोंड फुगवून बसेल."

आमच्याकडे आया 'मला हवंय' असं म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं.

संध्याकाळी रोजा सोडून आई कप ठेवायला उठली. मोतीबिंदू झाल्यापासून ती भिंतीवरून तळवा फिरवत चालायची. पिवळ्या पट्ट्यापाशी हात थांबला.

"काय शोधतेस?"

"काही नाही गं. वाळलाय का बघते."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहेरीसाठी हाका मारल्या. ती उठली नाही.

सात संध्याकाळी माणसं तिच्यासाठी प्रार्थनेला येत राहिली. त्या भिंतीला टेकून बसायची, चहा घ्यायची, जायची. पाचव्या दिवशी हार्सोनोकाकांनी हळूच विचारलं, "राखाडीचे डबे फोडू?"

"पिवळा आणा."

त्यांनी राखाडीचे डबे उचलून नेले. दोन दिवसांत भिंत झाली.

ईदेच्या सकाळी आमच्यात वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागतात. चुकलंमाकलं पोटात घाला. दरवर्षी मी हे पाठ केल्यासारखं भरभर म्हणायचे. लक्ष आतल्या कोंबडीच्या रश्श्याकडे असायचं.

आईची वेताची खुर्ची जागेवरच होती. खिडकी बंद होती, तरी तिथून पिवळ्या भिंतीतलं तपकिरी दार अगदी स्वच्छ दिसत होतं.

मी गुडघे टेकले. कपाळ रिकाम्या वेतावर ठेवलं.

"आई, तुला पिवळा हवा होता. दार दिसावं म्हणून. मला तेव्हाच कळलं होतं. तुझा हात थांबला तेही पाहिलं, आणि तरी मी गप्प बसले."