पंचवीस पिल्लं, एक टेप

सकाळी सव्वासहालाच पोस्टातून फोन आला. "व्हर्लीन, तुझं खोकं आलंय. लवकर ये बाई, इथे मला माझंच बोलणं ऐकू येईना!" पोस्ट सांभाळणारी डोरेथा हसत होती आणि तिच्यामागे कोंबडीच्या पंचवीस पिल्लांचा गलका चालला होता.

व्हर्लीनला खरं तर सहाच हवी होती. एकटी बाई अशी किती अंडी खाणार? पण मार्चच्या गारठ्यात पंचविसाच्या खाली पिल्लं टपालाने पाठवत नाहीत. वाटेत ती एकमेकांच्या अंगाच्या उबेवरच तगतात. उबवणी केंद्रात फोनवर मागणी घेणाऱ्या मुलीने हे समजावलं, तेव्हा व्हर्लीन म्हणाली होती, "उबेचं मला नको शिकवूस, पोरी."

तिचा नवरा एल्जिन ऑक्टोबरात गेला. चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारा डीकन, म्हणजे रेव्हरंडांच्या हाताखालचा सेवक, आणि पिल्लांचं सगळं करणारा तोच. प्रत्येक पिल्लाची चोच साखरपाण्यात बुडवताना तो पुटपुटायचा, "पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने…"

"डीकन, बाप्तिस्म्याची थट्टा नको हं!" ती दटावायची.

"थट्टा कसली? बाप्तिस्म्याला रेव्हरंडांनी तुला नदीत बुडवून वर काढलं, तेव्हा तू अशीच दिसत होतीस."

आज तिने पंचवीस चोची मुकाट्याने बुडवल्या. मागच्या पडवीत पत्र्याच्या टपात भुसा पसरला, पिल्लं सोडली, वर उबेसाठी दिवा टांगला. भुशाला आग लागेल या धास्तीने दिव्याची साखळी दोन कड्या वरच अडकवली. मग स्वयंपाकघरात जाऊन टेप लावली.

ऑक्टोबरापासून ती टेप दिवसभर वाजत असे. सहा वर्षांपूर्वीच्या ईस्टरचं प्रवचन. रेव्हरंड आधी साधंच बोलत, घरच्यासारखं. हळूहळू आवाज चढे, बोलण्याला सूर लागे, श्वास धापेवर येई, ऑर्गन मागोमाग धावे. "तिसऱ्या दिवशी पहाटे—" आणि पहिल्या बाकावरून एक जाडाभरडा आवाज उठे, "हो प्रभू! सांगा!"

तो एल्जिनचा. त्या तीन शब्दांसाठी तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं असे. रेव्हरंड गात होते, ती मान डोलवत घेवडा निवडत होती आणि डोळे वाहत होते.

खट्ट. टेपची बाजू संपली.

त्या शांततेत पडवीतून किंकाळ्या आल्या. बारीक, धारदार, एकसारख्या. केव्हापासून चालल्या होत्या, देव जाणे.

ती धावली. टपाच्या एका कोपऱ्यात सगळी पिल्लं एकावर एक चढली होती. तिने दोन्ही हातांनी तो ढीग मोकळा केला. तळाशी दोन थंडगार, चपटी. तिसऱ्याची मान लटकत होती, पण पोट हलत होतं.

"प्रभू, माझ्या कानांना क्षमा कर," ती म्हणाली.

तिने साखळी खाली घेतली. दाराच्या फटीतून वारा येत होता, तिथे गोणपाट कोंबलं. तिसऱ्या पिल्लाला साखरपाण्याचा थेंब पाजून पोलक्यात, छातीशी ठेवलं. एल्जिन थर्मामीटर कधी वापरायचा नाही. म्हणायचा, "कान दे, व्हर्लीन. गारठली की किंचाळतात, उकडलं की धापा टाकत कडेला पळतात, बरं वाटलं की पुटपुटतात." चाळीस वर्षं त्याने कान दिला होता. तिने कधी दिलाच नव्हता. तिचा कान प्रवचनाकडे.

अर्ध्या तासाने ती स्वयंपाकघरात आली. सवयीने टेप उलटवली. बोट बटणावर टेकलं. दाबलं की तो बोलणार होता.

तिने टेप काढून डबीत ठेवली आणि खुर्ची ओढत पडवीत नेली.

घर इतकं गप्प तिने आजवर ऐकलं नव्हतं. नळाचा थेंबही मोठा वाटत होता. ती हात मांडीवर ठेवून बसली. हळूहळू किंकाळ्या विरळ झाल्या. पिल्लं दिव्याखाली पांगली आणि एक बारीक पुटपुट सुरू झाली. प्रवचन चढण्याआधी बाकांवरच्या बाया तोंड मिटून गुणगुणतात, अगदी तशी. पोलक्यात काहीतरी वळवळलं.

दुपारी डोरेथाचा फोन आला. "किती राहिली गं?"

"तेवीस. दोन माझ्या हातून गेली."

"अगं, जातात. पण आज तुझ्याकडे रेव्हरंड कसे नाहीत? रोज तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं."

"बंद केलेत," व्हर्लीन म्हणाली. "आता तूही जरा गप्प बस, डोरेथा. मला ऐकू दे."