पंजाखालचं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुनी दगडी सिंहीण आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला पहिल्यांदा पाहणारा बहुधा कुत्री समजतो. चपटं नाक, वाटोळे डोळे, गोगलगाईसारखी वळलेली आयाळ, गळ्यात घुंगूर. माझा जन्म चीनमधला, आणि त्या मुलखात सिंह नसतात. फार पूर्वी पश्चिमेकडच्या राजांनी तिथल्या बादशहाला थोडे सिंह नजराणा म्हणून पाठवले. ते पाहिले मोजक्यांनी, घडवले सगळ्यांनी. आरंभी आमच्या जातीला पंख होते, अक्राळविक्राळ जबडे होते, आणि काम होतं थडग्यांवर पहारा देण्याचं. मग बुद्धाचा धर्म तिकडं गेला. त्याच्या उपदेशाला सिंहगर्जना म्हणतात, म्हणून आम्ही देवळांच्या दाराशी आलो. पुढं मोठ्या घरांच्या दाराशी बसलो, सणाला माणसं आमचं सोंग घेऊन नाचू लागली, आणि होता होता आमचा चेहरा असा हसरा झाला.

आम्ही जोडीनं बसतो. नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली पिल्लू. सिंहीण पंजातून दूध पाजते, असं तिकडचे लोक मानायचे. माझं पिल्लू उताणं पडून, माझ्या पंजाला तोंड लावून पीत होतं. मी, पंजा आणि पिल्लू, सगळं एकाच दगडाचं.

जहाजानं मुंबईला, तिथून बैलगाडीनं औरंगाबादेत एका जागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, आम्ही आलो. तिथली मोलकरीण सुगराबी रोज ओल्या फडक्यानं आधी पिल्लू पुसायची, मग मला. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर ते घराणं हैदराबादेला निघून गेलं आणि सामान शहागंजच्या बाजारात विकायला आलं. नर सिल्लोडच्या एका व्यापाऱ्यानं नेला. मला केशवराव मास्तरांनी घेतलं आणि आपल्या अंगणाच्या पायरीशी बसवलं.

त्या अंगणात दर एकादशीला कीर्तन व्हायचं. मित्रांनो, काय सांगू त्याचं सुख! बुवांनी चिपळ्या उचलल्या, पेटीनं सूर धरला, की माझ्या दगडाच्या अंगावर काटा यायचा. त्या घरात देव भुकेला राहत नसे आणि पाहुणाही. म्हणून पुढं जे झालं, ते दुष्टपणानं झालं असं समजू नका.

मास्तरांची बायको कालिंदी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलं होतं. पायरी उतरताना ती माझ्याकडं पाहायची आणि पदर पोटावर ओढून घ्यायची. आपल्याकडं किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजाखाली हत्ती दाबलेलं जनावर कोरतात. पंजाखाली असेल तो चिरडलेला, हे इथल्या माणसांच्या डोळ्यांत बसलेलं.

एके दिवशी ती सासूला म्हणाली, "आई, ही आपलंच लेकरू तुडवते. मला हिच्यापुढनं जाववत नाही."

सासू मनकर्णाबाई हसल्या नाहीत. "मास्तरला म्हणावं, सिंह आणायला पाठवला होता का कैदाशीण?" त्यानंतरच्या एकादशीला बुवांनी गजेंद्रमोक्ष लावला. मगरीच्या जबड्यात पाय अडकलेला हत्ती, त्याची हाक, आणि सोडवायला धावलेला देव. मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसत माझ्याकडंच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडूबा पाथरवटाला बोलावलं. त्यानं बोटानं चाचपलं.

"आईसाहेब, ही फट न्हाई. एकच दगड हाय. सोडवायचं म्हंजी फोडायचं."

"अरे, जीव अडकलाय तिथं. हळू हात लाव."

"जीव दगडाला कुठला? पर तुम्ही म्हणता तर बघतो."

छिन्नीचे घाव मी मोजले नाहीत. पंजा गेला, आणि पिल्लाचं तोंड पंजाबरोबर गेलं. मनकर्णाबाईंनी तुकडे नव्या खणात घेतले, हळदकुंकू वाहिलं आणि खाम नदीच्या पाण्यात सोडले. "मोकळं झालं हो लेकरू," असं म्हणत त्या घरी आल्या.

दोन महिन्यांनी कालिंदीला मुलगी झाली. सहावा दिवस गेला, बारावा गेला, पोर बाळसं धरू लागली. सगळी आळी म्हणू लागली, पिल्लू सोडवलं म्हणून पोर जगली.

मग एका दुपारी देवडीतली सुगराबी आली; घराणं गेलं तरी ती शहरातच राहिली होती. मी इथं आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझा तुटका पाय पाहून ती पायरीवर बसली.

"अम्मा, बच्चा किधर गया?"

"सोडवलं आम्ही. तुडवत होती त्याला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तुडवत नक्को बोलो. दूध पिलाती थी. हमारी बेगमसाब बोलते थे, शेरनी का दूध पंजे में रहता."

मनकर्णाबाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं. आत कालिंदी मुलीला पाजत होती. तिची अंगाई ऐकू येत होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुगराबी, हे माझ्या सुनेला सांगू नका. तिला वाटतं, पोर त्यामुळं वाचली. आता कुठं तिला झोप लागतेय."

"नै बोलती, अम्मा." सुगराबीनं पदराच्या टोकानं मला पुसलं आणि ती गेली.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई कीर्तनात पुढं बसत नाहीत. माझ्याजवळ बसतात, आणि बुवा रंगात आले की त्यांचा हात माझ्या तुटक्या पायावर येतो. त्या क्षमा मागतात की काय, मला कळत नाही. कालिंदी मात्र मुलीला कडेवर घेऊन माझ्यापुढनं बेधडक जाते, आणि तिनं जावं असंच मला वाटतं.

मित्रांनो, परक्या मुलखातलं काही तुमच्या दारी आलं आणि त्याचा अर्थ लागला नाही, तर घण उचलण्याआधी त्याला रोज पुसणाऱ्या हाताला एकदा विचारा. आमच्या घरापासून सुगराबी चार गल्ल्यांवर राहत होती.